‘आम्रपाली’ची वेशभूषा आणि चीवराची उपेक्षा

लेख टंडन दिग्दर्शित ‘आम्रपाली’ (१९६६) हा हिंदी चित्रपट आजही स्मरणात आहे, तो प्रामुख्याने वैजयंतीमाला यांच्या नृत्यांमुळे आणि भानू अथैया यांच्या वेशभूषेमुळे. मूळच्या कोल्हापूरच्या श्रीमती अथैया यांनी या चित्रपटासाठी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा अभ्यास केला होता. पुढे १९८३ साली ‘गांधी’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर मिळाले. बौद्ध कलेकडे इतक्या निष्ठेने पाहणाऱ्या या कलावतीविषयी (निधन २०२०) आम्हांस आदरच आहे. तथापि एका बौद्ध स्त्रीच्या चरित्रावरील कलाकृती म्हणून या वेशभूषेची पाली वाङ्मयाच्या आधारे चिकित्सा होणे अगत्याचे आहे.

पोशाख ही वरवरची बाब होय, असे निदान आपल्या समाजास म्हणता येणार नाही. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना लुगडे नेसण्याच्या पद्धतीविषयी आणि अंगावरील दागिन्यांविषयी उपदेश केला. वस्त्रातून माणसाची पायरी ठरविली जाते, हे त्यांनी अचूक ओळखले होते.

पहिला प्रश्न काळाचा. अजिंठ्याची सुप्रसिद्ध चित्रे बहुतांशी इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, वाकाटक काळातील आहेत. तथागतांची वैशाली त्याआधी सुमारे हजार वर्षांची. तथागतांच्या काळातील चित्र वा शिल्प उपलब्ध नसल्याने कलावंतास उत्तरकालीन आधार घ्यावाच लागतो, हे आम्हांस मान्य आहे. परंतु भारहुत व सांचीची शिल्पे आणि अजिंठ्यातीलच नवव्या व दहाव्या लेण्यांतील जुनी चित्रे त्या काळास अधिक जवळची होत. शिवाय ग्रंथाधारही आहे. महापरिनिब्बानसुत्तात अम्बपालीच्या रथाशी ज्यांच्या रथांची टक्कर होते, ते लिच्छवी निळे, पिवळे, तांबडे व पांढरे अशा वर्णांचे आहेत आणि प्रत्येकाची वस्त्रे व अलंकार त्याच वर्णाचे आहेत. वेशभूषाकारास याहून स्पष्ट सूचना कोणती हवी?

दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे. विनयपिटकातील महावग्गाचे चीवरक्खन्धक, म्हणजे भिक्षूंच्या वस्त्रांविषयीचे प्रकरण, वैशालीच्या समृद्धीच्या व अम्बपालीच्या वर्णनानेच आरंभ पावते. तेथून ते प्रकरण जीवकाकडे, आणि जीवकाच्या विनंतीवरून गृहस्थांनी दिलेल्या चीवरांच्या अनुज्ञेकडे वळते. पुढे वस्त्रकलेचा जणू संपूर्ण पाठच आहे. मगधातील बांधबंदिस्तीची शेते पाहून तथागत आनंदास तसे चीवर करता येईल काय असे विचारतात आणि आनंद तुकडे जोडून ते सिद्ध करतो. मूळ, खोड, साल, पान, फूल व फळ यांपासून सहा प्रकारचे रंग काढावेत. रंग शिजला की नाही हे त्याचा थेंब पाण्यात वा नखावर टाकून पाहावे. वाळत घातलेले चीवर उलटसुलट करीत राहावे, इतका हा तपशील बारीक आहे. भिक्षापात्राविषयीही नियम आहे: ते लोखंडाचे वा मातीचे असावे, लाकडाचे नव्हे.

मात्र आपल्या चित्रपटांत व मालिकांत भिक्षूच्या अंगावर सहसा नव्याकोऱ्या भगव्या कापडाचा अखंड पट्टा दिसतो. ना जोड, ना शिवण, ना वापराची खूण. गणिकेच्या कंबरपट्ट्यावर जेवढे श्रम होतात, त्याचा अंशही चीवराच्या वाट्यास येत नाही. ‘आम्रपाली’च्या अखेरीस नायिका तथागतांना शरण जाते खरी, परंतु प्रेक्षकांच्या स्मृतीत उरली ती स्तनपट्ट ल्यालेली, अलंकारांनी मढलेली नर्तकी. थेरीगाथेतील अम्बपाली मात्र केसांपासून पावलांपर्यंत स्वतःच्या जरेचे निरीक्षण करून अनित्यता जाणणारी थेरी आहे. तिचे वैभव अजिंठ्याहून आणले गेले. तिचा त्याग आणण्यासाठी विनयपिटक कोणी उघडले नाही.

ही उणीव भरून काढणे कठीण नाही. चीवराचे कापड कापून जोडावे, वनस्पतींच्या रंगात रंगवावे, धुऊन जुने करावे आणि मगच नटाच्या अंगावर घालावे. विहारांतून बुद्धजयंतीस नाटिका सादर करणाऱ्या आपल्या तरुणांनीही एवढे अवश्य करावे. चीवरावरील शिवणी हा त्यागाचा पुरावा आहे. तो प्रेक्षकांस दिसलाच पाहिजे.