चीवर आणि तलवार : 'झेन ॲट वॉर' या ग्रंथाचे परीक्षण

बौद्ध धम्माच्या नावाने जगात एकही युद्ध झाले नाही, असे विधान आपल्याकडील भाषणांतून आणि लेखांतून वारंवार केले जाते. ते अभिमानाने केले जाते. पडताळून मात्र क्वचितच पाहिले जाते. ब्रायन व्हिक्टोरिया यांचा 'झेन ॲट वॉर' हा इंग्रजी ग्रंथ १९९७ साली प्रसिद्ध झाला आणि २००६ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. प्रत्येक बौद्ध अभ्यासकाने तो वाचावा, याचे पहिले कारण हेच की तो हा अभिमान तपासावयास लावतो. लेखक स्वतः सोतो झेन संप्रदायात दीक्षित झालेले आहेत. त्यामुळे प्रस्तुत ग्रंथाकडे परधर्मीयाने केलेला आरोप म्हणून पाहता येत नाही. तो घरातल्या माणसाने घराची घेतलेली झडती आहे.

ग्रंथाचा प्रारंभ १८६८ च्या मेइजी राज्यक्रांतीपासून होतो. नव्या राजवटीने शिंतोला राजाश्रय दिला. बौद्ध मठांची मोडतोड झाली, जमिनी गेल्या आणि धम्म परकीय व निरुपयोगी ठरविला गेला. आपण राष्ट्राच्या उपयोगाचे आहोत हे सिद्ध करण्याची निकड संप्रदायांना तेव्हापासून वाटू लागली. जे पुढे घडले त्याचे बीज लेखक येथे शोधतात, आणि ते योग्यच आहे. १८९३ च्या शिकागो धर्मपरिषदेत बौद्ध धम्माची बाजू मांडणारे शाकू सोएन यांना १९०४ साली रशिया-जपान युद्धाच्या निषेधात सहभागी होण्याचे आवाहन टॉलस्टॉय यांनी केले, तेव्हा त्यांनी ते नाकारले. उलट सैन्याचे धर्मगुरू म्हणून ते मांचुरियाच्या आघाडीवर गेले. १९३१ साली मांचुरिया बळकावला गेला, १९३७ साली चीनवर पूर्ण आक्रमण झाले. तोवर जवळजवळ सर्व प्रमुख संप्रदाय राज्यसत्तेच्या पाठीशी उभे राहिले होते.

ग्रंथाचा सर्वांत मोलाचा भाग म्हणजे बौद्ध संज्ञांचा विपर्यास कसा झाला याचे विवेचन. अनात्मवाद म्हणजे 'मी'विषयीच्या आसक्तीचे निरसन. त्याचा अर्थ सम्राटासाठी स्वतःला विसरून मरणे असा लावला गेला. जीवन-मृत्यूविषयीची समता ही मुक्तीची खूण. ती सैनिकाची निर्भयता बनली. कर्मसिद्धान्ताने विषमतेचे समर्थन केले गेले, आणि जीव घेणारी तलवार ही जीव देणारी तलवार ठरली. झेनसाधना करणारे लष्करी अधिकारी सुगिमोतो गोरो १९३७ साली चीनमध्ये मारले गेले. त्यांच्या पश्चात निघालेल्या 'तैगी' या पुस्तकात सम्राटनिष्ठा हेच झेनचे सार मानले आहे, आणि झेन आचार्यांनी त्यांना आदर्श साधक म्हणून गौरविले.

हे वाचताना पालि वाचकाला संयुत्तनिकायातील योधाजीव सुत्ताचे स्मरण झाल्याशिवाय राहत नाही. रणांगणात लढता लढता मरणाऱ्या योद्ध्याला स्वर्ग मिळतो हे खरे काय, असे एक योद्धा तथागतांना विचारतो. तथागत प्रथम उत्तर देण्याचे टाळतात. तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगतात की परक्यांना मारण्याच्या इच्छेने ज्याचे चित्त आधीच मलिन झाले आहे त्याला दुर्गतीच मिळते, आणि स्वर्गप्राप्तीची ही समजूत मिथ्या दृष्टी होय. इतके स्पष्ट वचन त्रिपिटकात असताना विद्वान आचार्य त्याच्या विरुद्ध टोकाला गेले, ही घटना केवळ अज्ञानाने स्पष्ट होत नाही.

मग ती कशाने स्पष्ट होते? येथे ग्रंथाचे उत्तर अपुरे वाटते. दोष झेनच्या तत्त्वज्ञानातच होता, असे सुचविण्याकडे लेखकाचा कल दिसतो. परंतु विरोध करणाऱ्यांची जी चरित्रे त्यांनीच नोंदविली आहेत, ती या निष्कर्षाला छेद देतात.

हाकोने डोंगरातील एका लहान मंदिराचे पुजारी उचियामा गुदो सोतो झेनचेच होते. अराजकतावादी विचारांच्या या भिक्षूने मंदिरात गुप्त छापखाना चालवून गरीब कुळांसाठी पत्रके छापली आणि सैन्यभरतीला विरोध केला. राजद्रोहाच्या खटल्यात २४ जानेवारी १९११ रोजी त्यांना फाशी झाली. त्यांच्या संप्रदायाने फाशीची वाट पाहिली नाही. १९१० सालीच त्यांना बहिष्कृत केले. निचिरेन परंपरेतून आलेल्या सेनो गिरो यांनी १९३१ साली नवबौद्ध युवक संघटना स्थापन केली. शाक्यमुनींकडे परत चला, संप्रदायांची भांडणे सोडा आणि भांडवलशाही समाजरचना बदला, असा तिचा आग्रह होता. १९३६ साली त्यांना अटक झाली. दीर्घ चौकशीच्या दडपणाखाली अखेर त्यांनी सम्राटनिष्ठा कबूल केली. त्यांचा हा पराभव लेखक लपवीत नाहीत, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे द्योतक आहे. जोदो शिन पंथाच्या ओतानी शाखेचे ताकेनाका शोगेन १९३७ साली सत्तर वर्षांचे होते. गावातील तरुणांना आघाडीवर निरोप देण्याच्या प्रसंगी त्यांनी युद्ध हा गुन्हा आहे असे सांगितले. पुढे सहधर्मी पुजाऱ्यांसमोरही ते हेच बोलले. न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले आणि पंथाने त्यांची श्रेणी उतरविली.

संप्रदाय भिन्न, तत्त्वज्ञान भिन्न. तरीही नकार एकच. उलट, युद्धाला पाठिंबा देणारेही याच सर्व संप्रदायांत होते. तेव्हा निर्णायक फरक सूत्रग्रंथांत नव्हता. तो विवेक कोणाच्या स्वाधीन केला यात होता. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नियम आणि तत्त्व यांत जो भेद केला आहे, तो येथे मार्गदर्शक ठरतो. अहिंसा हे तत्त्व आहे. हिंसेची इच्छा आणि हिंसेची आवश्यकता यांतील निवाडा माणसाने स्वतः करावयाचा आहे. जपानी संप्रदायांनी हा निवाडा सम्राटाकडे सोपविला. त्या क्षणी तत्त्व संपले आणि आज्ञा उरली. रोहिणीच्या पाण्यावरून कोलियांशी युद्ध करण्याच्या शाक्य संघाच्या ठरावाला विरोध करणारा आणि त्यासाठी परिव्रज्या पत्करणारा सिद्धार्थ त्याच ग्रंथात आहे. ताकेनाका शोगेन या सिद्धार्थाच्या अधिक जवळचे होते, असे म्हणावयास हरकत नाही.

ग्रंथाच्या दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. डी. टी. सुझुकी यांच्यावरील आरोपांना केम्म्यो तैरा सातो यांनी २००८ साली सविस्तर उत्तर दिले. अवतरणे संदर्भातून तोडली गेली, हा त्यांचा आक्षेप अभ्यासकांनी ध्यानात घ्यावा. दुसरे असे की ग्रंथाचा रोख जपानवर असल्याने ज्यांच्यावर आक्रमण झाले त्या देशांतील बौद्धांचा आवाज येथे क्षीण आहे. १९१९ च्या कोरियन स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर स्वाक्षरी करून तुरुंगवास भोगणारे कवी-भिक्षू हान योंग-उन हेही त्याच काळाचे बौद्ध होते.

तरीही ग्रंथाचे ऋण मोठे आहे. सोतो संप्रदायाने १९९२ साली युद्धकाळातील वर्तनाबद्दल जाहीर पश्चात्ताप व्यक्त केला आणि १९९३ साली उचियामा गुदो यांना पुन्हा स्थान दिले. ओतानी शाखेने ताकेनाका शोगेन यांची प्रतिष्ठा २००७ साली पुनःस्थापित केली. त्यांच्या मृत्यूला तेव्हा ६२ वर्षे झाली होती. ज्याचे बोलणे खरे होते त्याला संघाने एवढी वाट पाहावयास लावली.

आपल्या विहारांतून पंचशील दररोज म्हटले जाते. पहिले शील म्हणण्यास सोपे असते, कारण ते म्हणताना समोर कोणी सत्ताधीश उभा नसतो. तो उभा राहील तेव्हा आपला संघ त्या सत्तर वर्षांच्या वृद्धाच्या बाजूला असेल की त्याची तक्रार करणाऱ्यांच्या, हा प्रश्न घेऊनच वाचकाने हा ग्रंथ मिटावा.