केडगावचे भाषांतर : इतिहासाच्या अभ्यासकाची कसोटी

पंडिता रमाबाईंनी (१८५८–१९२२) केडगाव येथे मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली, प्रसिद्ध झाले. त्याची चर्चा बहुधा धर्म व शैली या दोनच अंगांनी होते. वस्तुतः नवा करार हा रोमन साम्राज्याच्या पूर्व प्रांतांविषयीचा ग्रीक साधनग्रंथही आहे. त्या दृष्टीने भाषांतराची खरी कसोटी अधिकारपदांच्या संज्ञांवर लागते.

मुळात अखयाचा गल्लियो ‘आन्थुपातोस’ आहे, पिलात ‘हेगेमोन’, तर थेस्सलनीकाचे नगराधिकारी ‘पोलितार्खेस’. पहिली संज्ञा म्हणजे रोमन प्रोकॉन्सल. दुसरी कोणत्याही शासकास लागू पडते. तिसरी प्रामुख्याने मॅसिडोनियातील नगरांची असून शिलालेखांतही आढळते. टॅसिटस पिलातास ‘प्रोक्युरेटर’ म्हणतो. परंतु सीझरिया येथे १९६१ साली सापडलेल्या शिलालेखात त्याचे पद ‘प्रीफेक्टस’ आहे. एका संज्ञेत राज्यव्यवस्थेचा इतिहास साठविलेला असतो, तो असा.

रमाबाईंचा कटाक्ष सामान्य स्त्रीलाही उमजेल अशा मराठीवर होता. हेतू उदात्त खरा. पण सुबोधतेसाठी तिन्ही संज्ञांना ‘अधिकारी’ हा एकच शब्द योजला, तर अर्थ कळतो आणि इतिहास लोपतो. केडगावची प्रत व ग्रीक मूळ शेजारी ठेवून ही तीन स्थळे विद्यार्थ्याने स्वतः ताडून पाहावीत. निष्कर्ष अनुकूल निघो वा प्रतिकूल, एक गोष्ट निर्विवाद राहते : संस्कृतात निष्णात असलेल्या या विदुषीने मूळ ग्रीकपर्यंत जाण्याचे कष्ट घेतले. केवळ इंग्रजी अनुवादांवर विसंबून ग्रीक-रोमन इतिहासाची पदव्युत्तर पदवी घेणाऱ्याने व देणाऱ्याने त्याचे स्मरण ठेवावे.