वेतोबाच्या वहाणा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत नाट्यशाखेच्या यशाचा, गणेशोत्सवातील मिरवणुकीचा आणि दिवाळी फराळाच्या जमाखर्चाचा यथास्थित उल्लेख दरवर्षी होत असतो, आणि तो व्हावा हेही योग्यच. परंतु चर्चच्या तळघरातील आपल्या नेहमीच्या दालनात महिन्यातून एका शनिवारी पाच-सात तरुण मंडळी एका मेजाभोवती बसून, आणि दोन-चार दूरस्थ मंडळी संगणकाच्या पडद्यावर हजेरी लावून, जे आख्यान रचीत असतात, त्याची दखल वार्षिक अहवालात 'मुलांचे उपक्रम' या सदराखाली एका ओळीत उरकली जाते, ही गोष्ट मला फार दिवस खटकत आलेली आहे. मुलांचा खेळ तो आहेच. पण कोकणातील देवळाच्या पटांगणात पहाटेपर्यंत चालणारा दशावतार ज्या कोणी लक्ष देऊन पाहिला असेल, त्याला या तळघरातील बैठकीत त्याच कलेचे कूळ ओळखू आल्यावाचून राहणार नाही.

दशावताराचे वैशिष्ट्य त्याच्या मुकुटांत, रंगांत किंवा वेदांची चोरी करून सभेत धुमाकूळ घालणाऱ्या संकासुरात जितके आहे, त्याहून अधिक ते एका अभावात आहे: त्या नाटकाला लिखित संहिता नसते. जत्रेच्या रात्री पेटारा उघडावा, मुख्य नटाने अगर मालकाने आज कोणते आख्यान लावावयाचे ते सांगावे, कोणी राजा, कोणी राणी, कोणी राक्षस अशी वाटणी व्हावी, आणि मग हार्मोनियम, पखवाज व झांज यांच्या साथीने जो तो आपापले भाषण उभ्या उभ्या रचीत जावा, असा तो प्रकार. समोरचा नट काय बोलेल हे पक्के ठाऊक नसताना त्याला प्रसंगोचित उत्तर देणे, तेही भूमिकेचा आब राखून आणि शेजारच्या गावातील ताज्या भानगडीला हळूच चिमटा काढून, ही विद्या पोथीतून येत नाही. आपल्या नाट्यशाखेचे प्रयोग उत्तम होतात, त्यात शंका नाही. परंतु ते पाठ केलेले असतात, आणि अमेरिकेत जन्मलेल्या मुलाला रोमन लिपीत लिहून दिलेले मराठी संवाद पाठ करता येणे आणि मराठीत ऐन वेळी काही सुचणे यांत महदंतर आहे.

ज्या परकीय खेळाच्या आश्रयाने ही विद्या आपल्याकडे पुन्हा रुजू पाहत आहे, तो आपल्याच परिसरात जन्मला हा योगायोग मात्र फारच थोड्या सभासदांच्या ध्यानी आलेला दिसतो. मिलवॉकीहून मोटारीने सुमारे तासाभराच्या वाटेवर असलेल्या लेक जिनिव्हा या गावी, जेथे आपण उन्हाळी सहलीला जाऊन तळ्याकाठी भेळ खातो, तेथेच १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ एका खोक्यात घातलेल्या तीन पातळ पुस्तिकांच्या रूपाने विक्रीस आला. किंमत दहा डॉलर, पहिल्या प्रती एक हजार. त्याचे कर्ते दोघे. एक तेथलाच गॅरी गायगॅक्स, आणि दुसरा मिनेसोटाचा डेव्ह आर्नेसन. आर्नेसनने आपल्या मित्रांना सैन्याच्या पलटणी हलविण्याऐवजी एकेका माणसाची भूमिका घेऊन अद्भुत प्रदेशात हिंडावयास लावले होते, आणि गायगॅक्सने त्या स्वैर कल्पनेला नियमांची चौकट दिली. हा गायगॅक्स विमा कंपनीतील नोकरी सुटल्यावर काही काळ पादत्राणे दुरुस्त करून चरितार्थ चालवीत असे; ही क्षुल्लक वाटणारी माहिती वाचकांनी कृपया लक्षात ठेवावी.

खेळाची रीत सांगावयास सोपी आहे. एक सूत्रधार प्रसंगाचे वर्णन करतो; प्रत्येक खेळाडू आपल्या पात्राच्या तोंडाने बोलतो व ते पात्र काय करते ते जाहीर करतो; आणि जेथे यशापयशाची शंका असेल तेथे वीस पैलूंचा फासा टाकून निवाडा होतो. पात्राची सहा अंगे अंकांत मोजलेली असतात. त्यांना बळ, चापल्य, दम, बुद्धी, विवेक आणि प्रभाव अशी सुबक नावे ज्यांनी दिली, ते आपले ग्रंथपालकाका वयाच्या सत्तरीत मूळ इंग्रजी नियमावलीचा मराठी सारांश स्वहस्ते उतरवून काढीत बसले होते, आणि तेही मंडळाच्या ग्रंथालयातील गहाळ पुस्तकांची रुजवात घालण्याचे काम डोक्यावर असताना. अशा माणसाविषयी लिहिताना लेखणीला आवर घालणे कठीण. आणि सूत्रधार? दिवसा कारखान्यात यंत्रे जुळविणारा हा कुडाळचा अभियंता, ज्याला लहान-थोर सगळेच दादा म्हणतात, ज्याच्या आजोबांनी दशावतारी कंपनीत हयातभर झांज वाजविली, त्याने जर पुण्या-मुंबईच्या रंगभूमीवर पाऊल ठेवले असते तर आज त्याचे नाव सर्वतोमुखी झाले असते, असे मी म्हटले तर त्याचे मित्र हसतील; हसोत बापडे. प्रत्येक बैठकीला न चुकता साबुदाण्याची खिचडी घेऊन येणाऱ्या मावशींना खेळातले एक अक्षर कळत नाही, परंतु त्यांच्यावाचून हा उपक्रम तिसऱ्या महिन्यातच आटोपला असता, हेही येथे नमूद केले पाहिजे.

या सगळ्याला एक अदृश्य आधार आहे, तो आंतरजालावरील साधनसामग्रीचा. आमच्या पिढीला वाटते की अशा गोष्टी कोठून तरी आपोआप येतात, तसे नाही. २००० साली या खेळाची तिसरी आवृत्ती निघाली, तेव्हा प्रकाशकांनी नियमांचा मूळ गाभा एका खुल्या सनदेखाली सर्वांना मोकळा करून दिला आणि त्या आधारावर कोणालाही स्वतःची आख्याने रचून प्रसिद्ध करता येऊ लागली. पाचव्या आवृत्तीचा गाभाही २०१६ मध्ये असाच खुला झाला. पुढे २०२३ च्या आरंभी ती सनद बदलून तिच्यावर नव्या अटी लादण्याचा प्रकाशक कंपनीचा मनसुबा बाहेर फुटला, तेव्हा जगभरच्या खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की त्याच जानेवारीच्या अखेरीस कंपनीला माघार घेऊन तो गाभा क्रिएटिव्ह कॉमन्सच्या परवान्याखाली कायमचा मोकळा करावा लागला. वतन खालसा होता होता वाचले म्हणावयाचे! ग्रंथपालकाकांचा मराठी सारांश आज निर्वेधपणे घरोघर वाटता येतो तो या कारणाने. त्या महिन्यात काकांच्या जिवाची जी घालमेल झाली ती पाहणाऱ्यांनीच पाहिली.

दुसरे साधन म्हणजे आभासी मेज. 'रोल ट्वेंटी' सारखी स्थळे २०१२ पासून उपलब्ध आहेत. नकाशा पडद्यावर, सोंगट्या पडद्यावर, फासेही पडद्यावरच. २०२० मध्ये चर्चचे दालन बंद झाले, भजनी मंडळ थंडावले, नाट्यशाखेने तर सामानाला कुलूपच लावले. परंतु हा खेळ एकही बैठक न चुकता चालू राहिला. शिक्षणासाठी सिअ‍ॅटलला गेलेला मुलगा, लग्न होऊन टेक्सासला गेलेली मुलगी, आणि गोरेगावात रविवारची सकाळ उजाडताच चहाचा कप हातात घेऊन आपल्या शनिवार रात्रीत सामील होणारा एक मावसभाऊ, ही सारी मंडळी आज एकत्र आहेत ती त्या आभासी मेजामुळे. मंडळाच्या दुसऱ्या कोणत्या शाखेला गाव सोडून गेलेली मुले अशी धरून ठेवता आली?

तथापि तडजोडी पुष्कळ झाल्या, आणि त्या सगळ्याच मला मान्य आहेत असे नाही. आरंभीचा दंडक असा होता की मेजावर बसल्यापासून उठेपर्यंत इंग्रजी शब्द उच्चारावयाचा नाही. तो सहा महिनेही टिकला नाही. मग ठरले की पात्राच्या तोंडचे भाषण मराठीत, हिशेब इंग्रजीत. आता हिशेबाची हद्द दिवसेंदिवस विस्तारत चालली असून 'मी दाराआड लपते' एवढे वाक्यसुद्धा हिशेबात जमा होऊ लागले आहे. पडद्यावरचा फासा आपोआप बेरीज करतो, त्यामुळे 'सतरा आणि चार एकवीस' ही मराठीतील गणतीही कानांवरून गेली. राक्षसाचे तर काय सांगावे! या खेळाच्या १९७७ च्या प्राणिकोशात आपला राक्षस वाघाच्या तोंडाचा, उलट्या तळव्यांचा आणि झोकदार अंगरखा घातलेला काढलेला आहे, आणि आपली मुले आता रावणाचेही चित्र त्याच धर्तीवर काढतात. १९८० च्या दुसऱ्या एका ग्रंथात त्यांनी इंद्र-अग्नींसारख्या देवांनाही जीवनगुण लावून दिले. किती घाव घातले म्हणजे देव मरतो याचा चक्क तक्ता! यावर आपल्या सभेत दोन तास खल झाला. शेवटी दादाने काढलेला तोडगा सर्वांनी मान्य केला, की आपल्या आख्यानांत देव येतील, बोलतील, रुसतील, परंतु त्यांच्यावर फासा टाकावयाचा नाही. मला हा निर्णय धर्मशास्त्रापेक्षा नाट्यशास्त्राच्या दृष्टीने अधिक शहाणपणाचा वाटला, आणि गेल्या कोजागरीच्या रात्री त्याची प्रचीती आली.

त्या रात्रीच्या खेळाविषयी थोडे विस्ताराने लिहिण्याची मुभा संपादकांनी मला द्यावी. आख्यान दादाचे स्वतःचे होते. वेंगुर्ल्याकडच्या एका खाडीकाठच्या गावात रात्रीच्या वेळी उतारावरून कोणी पलीकडे जाऊ शकत नाही, कारण वाटेत गावाचा राखणदार देव, प्रत्यक्ष वेतोबा, उभा राहतो. इकडे पैलतीरावर मामलेदाराचे शिपाई गावाचे धान्य भरून पहाटेपूर्वी गलबत हाकारणार. एक धनुर्धर, एक वैदू, एक भुरटा चोर आणि एक नुकतीच मंत्र शिकलेली कुंभाराची मुलगी, अशी चार पात्रे उतारावर आलेली. धनुर्धराने युक्ती लढविली. फासा पडला दोन. वैदूने काढा करून धुके निर्माण केले. वेतोबा धुक्यातून अधिकच मोठा दिसू लागला. चोराने मागच्या बाजूने निसटण्याचा प्रयत्न केला आणि पडद्यावर तो अपेशी एकाचा आकडा उमटला, तेव्हा सिअ‍ॅटलवाल्याने कपाळावर मारून घेतलेला हात आम्ही सर्वांनी पाहिला. दुधाचे पातेले तसेच निवत होते. मावशींनाही ते ढवळण्याचे भान राहिले नव्हते.

कुंभाराच्या मुलीची भूमिका करणारी मुलगी चौदा वर्षांची. तिचे मराठी आजीशी फोनवर बोलण्यापुरते. तिने फाशाला हात न लावता दादाला विचारले, "त्यांच्या पायात काय आहे?" दादा क्षणभर थबकला, हा प्रश्न त्याच्या तयारीत नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावरून स्पष्ट दिसले. मग म्हणाला, "काही नाही. टाचा फुटल्या आहेत." ज्यांनी आरवलीचे वेतोबाचे देऊळ पाहिले आहे त्यांना पुढचे सांगावयास नको. रात्रभर गावाच्या रक्षणासाठी हिंडून देवाच्या वहाणा झिजतात या श्रद्धेने तेथे वेतोबाला भल्यामोठ्या चामड्याच्या वहाणा आणि केळीचे घड वाहतात, आणि ही मुलगी एका उन्हाळ्याच्या सुट्टीत आजीचा हात धरून त्या वहाणा पाहून आली होती. ती म्हणाली, "मग आपण आधी चांभाराकडे जाऊ." तिन्ही पुरुष पात्रे स्तब्ध.

चांभाराला रात्री उठविणे, त्याला चामडे मिळवून देणे, माप कोणी घ्यावे यावरून झालेला वाद, हा भाग अर्धा तास चालला आणि तो अस्सल दशावतारी विनोदाचा होता. त्या अर्ध्या तासात चोराने म्हणे चांभाराचीच आरी पळविली. अखेर ती मुलगी वहाणा घेऊन उतारावर उभी राहिली आणि बोलू लागली. "बाबा, तुम्ही आमच्यासाठी रोज फिरतो. आम्ही तुमचा पाय बघितलाच नाही. आता बसा, मी घालते." लिंग, वचन, पुरुष सगळ्यांची वाताहत, परंतु एक शब्दही कोणी तिला सांगितलेला नव्हता. आणि दादाने, आजवर प्रमाण मराठीत निवेदन करणाऱ्या त्या दादाने, एकदम आवाज बदलून मालवणीत उत्तर दिले: "चेडवा, इतक्या वरसांनी कोणीतरी माजे पाय बघल्यान!" पडद्यावरचा गोरेगावकर, ज्याचे आजोळ मालवणचे, तो उठून उभाच राहिला. लेक जिनिव्हाच्या त्या पादत्राणे शिवणाऱ्या गृहस्थाची मला त्या वेळी आठवण झाली. तो २००८ मध्ये वारला, नाहीतर त्याला हे पत्राने कळविण्याची मनीषा होती.

आता थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. त्या कोजागरीला प्रत्यक्ष खेळणारे चौघे आणि भिंतीलगत पाहणारी अकरा मुले, असे प्रमाण होते. पाहणारी ही मुले खेळत का नाहीत असे विचारले असता ती सांगतात की आम्ही हा खेळ व्हिडिओवर पाहतो. व्यवसायी नटांनी खेळलेली अशी तासन्‌तास चालणारी आख्याने २०१५ पासून फार लोकप्रिय झाली आहेत आणि त्यांचा दर्जा उच्च आहे हे मी नाकारीत नाही; परंतु ती इंग्रजीत आहेत, आणि मुख्य म्हणजे त्यांत बोलण्याची जोखीम दुसऱ्याने पत्करलेली असते. कोणी म्हणतील की मुले कालांतराने बोलतील. मला तशी खात्री वाटत नाही. मराठीत चुकण्याची लाज ज्या वयात जडते त्याच वयात ती घालवावी लागते, आणि ती घालविण्याऐवजी वाढविण्याचे काम आपणच, म्हणजे मागच्या रांगेत बसून 'फिरतो नव्हे, फिरता' असे मोठ्याने सांगणारे आपण ज्येष्ठ, इमानेइतबारे करीत असतो. आभासी मेजावर तर लाजऱ्या मुलाला ध्वनी बंद करून नुसता लेखी मजकूर टंकण्याची सोय आहे. ती सोय बंद करावी असा ठराव मी कार्यकारिणीपुढे मांडला होता. तो नामंजूर झाला, आणि कारणही सयुक्तिक होते, की एका मुलाला बोलताना अडखळण्याचा त्रास आहे व त्याची आख्याने लेखीच उत्तम होतात. असो.

दादाची बदली होण्याची चिन्हे आहेत. तो पडद्यावरून खेळ चालवील असे म्हणतो, चालवीलही, परंतु त्याने स्वतःच कुंभाराच्या त्या मुलीला सूत्रधाराच्या आसनावर बसविण्याचे ठरविले आहे आणि ग्रंथपालकाका तिच्यासाठी मराठी सारांशाची दुसरी, शुद्ध केलेली प्रत तयार करीत आहेत. खजिनदारांनी येत्या अंदाजपत्रकात आभासी मेजाची वर्गणी आणि फाशांचे दोन नवे संच यांसाठी स्वतंत्र रक्कम दाखवावी, 'मुलांचे उपक्रम' या सदरात ती दडपू नये, अशी माझी लेखी विनंती त्यांच्या दप्तरी पडून आहे. सूत्रधार म्हणून त्या मुलीची पहिली बैठक मार्गशीर्षात आहे. खुर्च्या मोजक्या असल्यामुळे ज्येष्ठ सभासदांनी भिंतीलगत बसावे, आणि व्याकरणाच्या दुरुस्त्या कागदावर टिपून आख्यान संपल्यावर, खिचडीच्या वेळी, सादर कराव्यात.