ताटातूट कोणाची आणि अश्रू कोणाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या माधवनगरच्या समाजमंदिरात पोरांनी व्ही. शांतारामांचा 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा 1946 सालचा चित्रपट दाखवला. चित्रपट संपला, दिवे लागले, आणि बारावीत शिकणाऱ्या एका मुलीने मला विचारले, "सर, कोटणीस प्लेगने गेले का हो?" मी म्हणालो, "नाही. अपस्माराच्या झटक्यांनी गेले." ती म्हणाली, "मग प्लेग का घातला?"

या प्रश्नाचे उत्तर त्या रात्री मला देता आले नाही. ते शोधताना जे सुचले ते इथे मांडतो.

कोटणिसांविषयी मनात आदर ठेवूनच बोलले पाहिजे. सोलापूरचा हा तरुण डॉक्टर 1938 साली पाच जणांच्या वैद्यकीय पथकातून चीनला गेला. जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चिनी सैनिकांच्या जखमा त्याने बांधल्या. इकडे वडील वारले, तरी तो परतला नाही. पथकातले इतर परतले, हा आठव्या मार्ग सेनेबरोबर राहिला. तिथेच त्याने क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केले, त्यांना मुलगा झाला, आणि मूल तान्हे असतानाच 9 डिसेंबर 1942 रोजी वयाच्या 32व्या वर्षी तो मरण पावला. एवढे सत्य कोणत्याही कलाकृतीला पुरेसे होते.

पण चित्रपटाला ते पुरले नाही. त्याने साथ आणली. नायक रोगावर उपाय शोधतो, त्यासाठी तो रोग स्वतःच्या अंगावर घेतो, आणि शेवटी तोच त्याचा बळी घेतो. अतिश्रमाने खंगलेल्या माणसाला आलेला झटका पडद्यावर भव्य दिसत नाही, साथीशी दिलेली झुंज दिसते. साथीत मरणारी माणसे मात्र पार्श्वभूमीला उरतात. त्यांची नावे नाहीत, त्यांची घरे नाहीत. ताटातूट फक्त नायकाची. प्रेक्षकांचे अश्रू सोलापूरच्या घरासाठी राखून ठेवलेले. पांढरपेशी अभिरुचीला विरह हवा असतो, पण तो त्यागाच्या चौकटीत बसवलेला.

आता याच महाराष्ट्रात खरोखर घडलेली गोष्ट पाहा. डॉ. यशवंतराव फुले हे लष्करी सेवेतले डॉक्टर. एका ब्राह्मण विधवेच्या पोटी जन्मलेले, जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलेले. 1890 साली जोतीराव गेले तेव्हा या दत्तक मुलाच्या हक्कावरून भाऊबंदांनी वाद घातला आणि सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे धरले. 1897 साली पुण्यात प्लेग पसरला. सावित्रीबाईंनी मुलाला बोलावले. तो रजा घेऊन आला आणि हडपसरजवळ ससाण्यांच्या मळ्यात माय-लेकांनी दवाखाना उभा केला. मुंढव्याच्या महारवाड्यातील गायकवाडांच्या आजारी मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवर घेऊन तिथे आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्या गेल्या. ज्याच्या हातून रोगी तपासले जात होते, त्याला स्वतःची आई वाचवता आली नाही. पुढे प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच यशवंतरावही गेले. मागे राहिलेल्या कुटुंबाच्या वाट्याला दारिद्र्य आले.

इथे प्लेग कल्पनेने घालावा लागत नाही. लष्करी डॉक्टर आहे, साथ आहे, ताटातूट आहे. मग ही गोष्ट आपल्या साहित्याच्या मध्यभागी का आली नाही?

एक कारण उघड आहे. पुण्याचा प्लेग म्हटला की शाळेतल्या पोराला रँड आणि चाफेकर आठवतात. हा रँड त्याआधी आमच्या सातारा जिल्ह्यातच अधिकारी होता. गोऱ्या सोजिरांनी घरे तपासली, देवघरे विटाळली, हा संताप इतिहासाने जपला. सोजिरांचा जुलूम खराच होता. पण त्याच महिन्यांत लष्करातलाच एक माणूस महारवाड्यातल्या पोराची नाडी धरून बसला होता, हे इतिहासाने जपले नाही. कुणाचा उंबरठा विटाळला याची नोंद झाली. कुणाच्या दारात वैद्य आला, याची झाली नाही.

परंतु बोट फक्त प्रस्थापितांकडे दाखवून भागणार नाही. आपणही तेच केले आहे. दरवर्षी 10 मार्चला मीही भाषण करतो. पाठीवर मूल घेतलेली सावित्रीमाई आपण चित्रात रंगवतो. पण यशवंतरावांना एका वाक्यात उरकतो आणि पाठीवरच्या मुलाची ओळख 'एक महार मुलगा' एवढीच ठेवतो. चित्रपटाने चिनी खेड्याचे जे केले, तेच आपण मुंढव्याच्या महारवाड्याचे केले.

हे मला बोचते याला घरचे कारण आहे. माझा पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीत होता. त्याआधी सरकारने महारांची भरती बंद केली होती. ती उघडावी म्हणून गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी अर्ज केले होते. लढाईला माणसे कमी पडली तेव्हा 1917 साली 111वी महार पलटण उभी राहिली, आणि गरज सरल्यावर 1921 साली मोडली. 1918 साली मानमोडीची साथ आली. आजी सांगायची, "दोन पोरं एका आठवड्यात गेली, आन् बाप तिकडं बंदूक घिऊन हुबा. कागुद धाडाय लिवणारं कोन हुतं?" तो परतला तेव्हा त्याला अंगणातच कळले. आमच्या दारात कोणी डॉक्टर आला नव्हता.

म्हणून ताटातुटीच्या साहित्याला आपण दोनच प्रश्न विचारावेत असे मला वाटते. ज्याच्यासाठी डॉक्टर घर सोडून गेला, त्या रोग्याला या कृतीत नाव आहे काय? आणि ज्याला डॉक्टर मिळालाच नाही, त्याची ताटातूट कोण लिहिणार? या कसोटीने कोटणीस लहान होत नाहीत, त्यांच्यावरचा चित्रपट मात्र उणा ठरतो. आणि आपली भाषणेही.

त्या मुलीला मी आता उत्तर देईन : बाई, रोग्यांकडे पाहायचे नव्हते, नायकाकडे पाहायचे होते, म्हणून प्लेग घातला. तू लिहिशील तेव्हा आधी रोग्याचे नाव लिही.