मालिशचा परवाना नेमके काय तपासतो?

दक्षिण कोरियात मालिशचा परवाना केवळ दृष्टिहीनांना मिळतो. तेथील घटनात्मक न्यायालयाने २००६ साली ही अट रद्द ठरवली. त्याच वर्षी संसदेने ती कायद्यातच घातली आणि २००८ साली न्यायालयाने ती मान्य केली.

अंधांच्या उपजीविकेचे रक्षण व्हावे, हे आम्हांलाही पटते. पण परवान्याचे पहिले काम म्हणजे ज्याच्या अंगाला हात लागतो त्याला जपणे. पोटरीतील खोल शिरेत रक्ताची गुठळी असताना मालिश केली, तर गुठळी सुटून फुप्फुसात अडकू शकते. मालिश कधी करू नये, हे शिक्षणाने कळते. त्याचा दृष्टीशी संबंध नाही. कोरियातील परवानाधारक अंध हे शिक्षण घेतात. परंतु बेकायदा मालिश करणारे डोळसही तेथे पुष्कळ आहेत. त्यांचे ज्ञान कोण तपासणार?

जपानचा कायदा आम्हांला अधिक समंजस वाटतो. तेथे अंध असो वा डोळस, शिक्षण व परीक्षा दोघांनाही सक्तीची आहे. अंधांची रोजी जाऊ नये म्हणून डोळसांसाठीच्या नव्या शिक्षणसंस्थांना मात्र परवानगी नाकारता येते. २०२२ साली जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली.

आधार गरजेनुसार द्यावा. ज्ञानाची कसोटी मात्र सर्वांना एकच असावी.