‘वाडा’ आणि ‘कोर्ट’: एका शब्दकुलाच्या प्रतिशब्दांचा विचार

‘वाडा’ या शब्दाला इंग्रजी प्रतिशब्द शोधणाऱ्याच्या हाती कोश बहुधा प्रासादवाचक शब्द ठेवतो. मोल्सवर्थच्या कोशातही (दुसरी आवृत्ती, १८५७) भव्य वास्तू हा अर्थ आरंभी येतो. कुंपण घातलेले आवार व गुरामेंढरांचा कोंडवाडा हे अर्थ मागाहून येतात. शनिवारवाड्याच्या पुण्यात हा क्रम शोभतो. आटपाडीच्या माळावर तो उलटा ठरतो. तेथे धनगर रात्री मेंढरांभोवती दोऱ्यांची वाघर लावतो, आणि तळावरची माणसे, मेंढरे, घोडी, कुत्री मिळून वाडा होतो. सकाळी वाघर गुंडाळली की वाडा चालू लागतो. शनिवारवाड्याला हे साधण्याजोगे नाही!

संस्कृत ‘वाट’ म्हणजे कुंपण, आवार. ‘वाडी’, ‘वाडगे’, ‘कोंडवाडा’ ही त्याचीच संतती होय. (रस्ता या अर्थाच्या ‘वाट’शी तिचे नाते जोडू नये.) कोकणात ‘वाडी’ म्हणजे नारळीपोफळीची बाग, देशावर ती छोटी वस्ती, परंतु मूळ कल्पना आवरण्याची, बांधण्याची नव्हे.

याच वळणाने गेलेले दुसरे कुल इंग्रजी ‘कोर्ट’ व फ्रेंच ‘कूर’ यांचे. दोहोंचे मूळ लॅटिन ‘कोहोर्स’. त्याचा अर्थ आवार, आणि सैनिकांची तुकडीही. कुंपणाचे नाव कुंपणातल्या समूहाला मिळावे, हे धनगरी ‘वाड्या’चेच अर्थांतर आहे. पुढे इंग्रजीत ‘कोर्ट’ने अंगण, राजसभा, न्यायसभा आणि खेळाचे मैदान हे सारे अर्थ सामावून घेतले. फ्रेंचने मात्र वाटणी केली: वरिष्ठ न्यायालय ‘कूर’, कनिष्ठ बहुधा ‘त्रिब्युनाल’, आणि टेनिसच्या मैदानासाठी इंग्रजीकडून परत घेतलेला शब्द. तथापि कोंबड्याबदकांच्या आवाराला ‘बास-कूर’ म्हणून फ्रेंचने मुळाशी संबंध राखला आहे. इंग्रजी ‘कोर्ट’मधून पशू पार हद्दपार झाले.

हा विचार केवळ कोशापुरता नाही. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५) राम देशमुखांच्या इंग्रजी अनुवादात ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’ (१९५८) झाली. ‘वाडी’चे अभाषांतरणीयत्व ओळखून अनुवादकाने ती गाळली, हे धाडस स्तुत्य आहे. परंतु या शीर्षकाने वाचकाची दृष्टी भिंतींकडे वळते. कादंबरीच्या शेवटी दुष्काळ पडतो, धनगर मेंढरे घेऊन निघून जातात. मागे उरतात त्या घरांच्या भिंतीच. भिंती आहेत आणि वाडी नाही, हा त्या शेवटाचा अर्थ शीर्षकाच्या नेमका विरुद्ध जातो. आटपाडीजवळच औंध संस्थानाने १९३९ साली वसविलेल्या ‘स्वतंत्रपूर’ या बिनभिंतींच्या बंदिवसाहतीला ते नाव अधिक शोभले असते. ‘पुर’ या शब्दात तर मुळात तटबंदीच आहे.

‘हॅम्लेट’ आणि फ्रेंच ‘आमो’ हे प्रतिशब्दही ‘होम’च्या कुळातले, म्हणजे घराकडे पाहणारे, म्हणून तेही उपयोगी नाहीत. त्यातल्या त्यात जवळचा इंग्रजी ‘फोल्ड’: मेंढवाडा आणि समुदाय हे दोन्ही अर्थ त्यात आहेत. मात्र त्याला चर्चचा वास येतो, आणि फ्रेंच ‘बेर्काय’लाही तोच. बनगरवाडीच्या कारभाऱ्याला पाद्र्याच्या कळपात नेऊन बसविण्यापेक्षा ‘वाडी’ तशीच ठेवून पहिल्या प्रकरणात वाघरीसह दाखविणे बरे.