सुपारी कोणी दिली?

भाडोत्री मारेकऱ्यावरची एक नवी मराठी श्राव्यमालिका मी नुकतीच नंदुरबारकडच्या धानोऱ्यात ऐकून संपवली, आणि तिचा मला राग आला आहे. पहिल्याच भागात मुडद्यांची रांग लागते. प्रत्येक मुडद्यामागे पाऊस, ढोल, काच फुटल्याचा आवाज आणि घसा खरवडून काढलेला पुरुषी स्वर. शेवटच्या भागापर्यंत नायकाच्या पिस्तुलाची जात कळते, बुटांचा रंग कळतो, कोणती दारू आवडते तेही कळतं. त्याला पैसे कोण देतं आणि कशासाठी देतं, हे मात्र कळत नाही. एखाद्या मालिकेपुरतं हे असतं तर लिहायला बसलो नसतो. मराठीतला ऐकायचा थरार आज बहुतेक सगळाच या वळणावर गेला आहे.

स्टोरीटेल हे ऐकायच्या पुस्तकांचं ॲप 2017 च्या अखेरीस भारतात आलं तेव्हा पहिल्या फळीतच मराठी होती, आणि त्या वेळचा उत्साह खरा होता. डॅनियल ओबर्ग या स्वीडिश लेखकाची स्टॉकहोममधली महामारी 'व्हायरस पुणे' होऊन आली आणि मुक्ता बर्वेंच्या आवाजाने ते हादरलेलं शहर ऐकणाऱ्यापुढे उभं केलं. त्यानंतर इतर ॲप आली, दहा-बारा मिनिटांचे तुकडे आले, आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दार ठोठावलं जाऊ लागलं. भयकथांचं पीक उदंड आहे. त्यातलं ऐकण्यासारखं बहुतेक नारायण धारपांचं आणि रत्नाकर मतकरींचं उसनं आहे. पुराणातली शस्त्रं शोधत फिरणाऱ्या मालिकांवर मी शब्द खर्च करणार नाही. मुंबईच्या टोळ्यांच्या 'सत्यकथा' म्हणजे जुन्या बातम्यांना लावलेली फोडणी.

मला बोलायचं आहे ते एकट्या आवाजाबद्दल. शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर कथाकथनाला उभे राहत तेव्हा त्यांच्याकडे एक माईक असे आणि थांबण्याची हिंमत असे. आकाशवाणीच्या 'पुन्हा प्रपंच'मध्ये बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी या तीन आवाजांनी अख्खं घर उभं केलं. रहस्यकथेचे आपले धनीही वाक्याच्या जोरावरच जगले. बाबुराव अर्नाळकरांचा धनंजय, गुरुनाथ नाईकांचा गोलंदाज, सुहास शिरवळकरांचा दारा बुलंद ही माणसं छापील पानावर पार्श्वसंगीताशिवाय धावली. त्यांची गद्यशैली साधी होती, घाईची होती, पण मोठ्याने वाचली तर तोंडात बसत होती. आजची संहिता तोंडात बसत नाही, कारण ती मुळात चित्रपटासाठी लिहिलेली असते. 'तो दार उघडतो. तो वळतो. त्याच्या डोळ्यांत आग.' ही कॅमेऱ्याला दिलेली सूचना झाली. गोष्ट सांगणारा माणूस असं बोलत नाही. तो म्हणतो, दार उघडून तो आत आला, आणि मग तो जे म्हणत नाही त्याची ऐकणाऱ्याला भीती वाटते.

दुसरी गोष्ट तांत्रिक वाटेल, पण तीच मुळाशी आहे. या मालिका मुंबई-पुण्याच्या स्टुडिओत महागड्या हेडफोनवर तपासल्या जातात. इकडे कृषिपंपाची वीज रात्री आली की माणूस कापसाला किंवा मिरचीला पाणी भरायला निघतो. फोन खिशात असतो, एकाच कानात इअरफोनचं बोंडुक असतं. दुसरा कान मोटारीकडे आणि गवतातल्या सळसळीकडे लावलेला. नाहीतर फोन बांधावर ठेवून त्याच्याच टिचभर स्पीकरवर गोष्ट चालू असते. त्या स्पीकरवर ढोलाचा खर्ज उमटतच नाही, नुसती खरखर उरते, आणि मारेकऱ्याची कुजबुज तिच्यात बुडून जाते. काम करता करता ऐकणारा हाच या कलेचा हक्काचा श्रोता. नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळवणारे, ऊसतोडीच्या ट्रॅक्टरवर बसून गुजरातकडे जाणारे, सुरतेच्या गाडीत उभ्याने प्रवास करणारे, यांचे हात आणि डोळे गुंतलेले असतात; मोकळा असतो तो कान. त्या कानाला शब्द स्पष्ट पोचला पाहिजे. याच मुलखात सोंगाड्या पार्टीचं लोकनाट्य रात्र रात्र लोकांना जागेवर बसवून ठेवते. इथल्या माणसाला लांबलचक ऐकायची सवय नाही, असं कोणी मला सांगू नये.

'लोकांना वेग हवा' हे निर्मात्यांचं ठरलेलं उत्तर. याच प्रकारातला मानदंड काढून पाहा. फ्रेडरिक फोर्सिथची 'द डे ऑफ द जॅकल' ही कादंबरी 1971 ची. तिच्यातल्या भाडोत्री मारेकऱ्याचं लक्ष्य म्हणजे फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल, आणि ते त्याआधीच, 1970 च्या नोव्हेंबरात, आपल्या घरी वारले होते. म्हणजे मारेकरी हरणार हे वाचकाला पहिल्या पानापासून ठाऊक, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. का? कारण फोर्सिथ काम दाखवतो. मेलेल्या मुलाच्या जन्मदाखल्यावर पासपोर्ट कसा मिळवायचा, बंदूक सुटी करून कुबडीत कशी लपवायची, जंगलात फळ टांगून नेम कसा बसवायचा. आणि त्याही आधी पैसा. पाच लाख डॉलर, निम्मे आगाऊ. ती रक्कम उभी करायला सुपारी देणाऱ्या संघटनेला बँका लुटाव्या लागतात, आणि त्या लुटींमुळे पोलिसांचे कान टवकारतात. सुपारीचा पैसाच कथेला पुढे ढकलतो. आमच्या मालिकेत तो पैसा आपोआप खात्यात जमा होतो, फोनवर एक टिंग वाजते, आणि लेखकाची त्यातून सुटका होते.

ही सुटका मला मान्य नाही. आपण ज्या राज्यात राहतो तिथे सुपारी ही कल्पित गोष्ट नाही. 16 जानेवारी 1997 रोजी पवईत डॉ. दत्ता सामंतांना गोळ्या घातल्या. 1982 च्या गिरणी संपाचा नेता, लाखो कामगारांचा माणूस. पिस्तूल कोणत्या बनावटीचं होतं हे त्या दिवशी कोणत्या कामगाराने विचारलं असेल? सगळ्यांचा प्रश्न एकच होता, पाठवलं कोणी? 2023 मध्ये विशेष न्यायालयाने या खटल्यात टोळीप्रमुख छोटा राजनला पुराव्याअभावी सोडलं. सव्वीस वर्षं एक प्रश्न लोंबकळत राहतो, त्याच्या भोवती गिरण्या, जमिनी, मालक, संघटना, टोळ्या असा अख्खा महाराष्ट्र उभा असतो, आणि आमचे लेखक नायकाच्या बुटांचं वर्णन करत बसतात!

मारेकऱ्याला देखणा केला आणि गिऱ्हाइकाला अंधारात ठेवला की खून हा कौशल्याचा खेळ होतो. श्रोता नेमबाजाच्या बाजूने बसतो. ज्याला त्या नेमाचा फायदा झाला तो सहीसलामत घरी जातो. ही निव्वळ कलेची चूक नाही. पैसे देणाऱ्याला इतकं सांभाळून घेणारी थरारकथा त्याच्याच सोयीची असते, आणि तिला 'वास्तववादी' म्हणून विकणं हे मला खोटं वाटतं.

मग काय हवं? एक वाचक, एक माईक, भूतकाळातली सरळ मराठी. संगीत भागाच्या सुरुवातीला आणि शेवटी, मध्ये नको. मारेकरी खान्देशचा असेल तर घरी आईशी अहिराणीत बोलू दे. मुंबईच्या बनावट हिंदीत त्याला का कोंबायचं? पहिल्या भागात एकही गोळी सुटली नाही तरी मी दुसरा भाग लावेन. मात्र त्या पहिल्या भागात मला दोन माणसं टेबलाशी बसलेली ऐकू द्या. भूसंपादनाचा मोबदला असो, कारखान्याची निवडणूक असो की वाटणीचा वाद; रक्कम कितीची ठरली, आगाऊ किती, चहाचं बिल कोणी दिलं, आणि ज्याचं नाव घेतलं गेलं तो त्या वेळी कुठे कामावर होता, हे सगळं नावागावासकट सांगा.